गाय सगळ्यात शेवटी

जुलैत आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या बाजूला दरड आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी खाली कोकणात वाडीवाडीतून एकच विचारणा असते : दूध आलं का? आंबा, काजू, मासळी घाट चढून वर जाते आणि दूध घाट उतरून खाली येतं. हा व्यवहार इतका अंगवळणी पडलाय की मागच्या पडवीत कधीकाळी दोन गाई बांधलेल्या असायच्या, हे आठवायला रस्ता बंद व्हावा लागतो. वाडीत एखादं घर अजून गुरं धरून असतं. त्या दोन दिवसांत त्याच्या खळ्यात पातेली घेऊन माणसं उभी राहतात, आणि त्यातलंच कुणीतरी म्हणतं, "यांच्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी करायला हवं."

हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा गाय. मुंबईच्या मंडळात विषय निघतो, पावतीपुस्तक फिरतं, चाळीस-पन्नास हजार जमतात आणि एक दिवस घाटावरून टेम्पो येतो. हळदकुंकू होतं, फोटो निघतो. पहिले दोन महिने बरे जातात. मग पाऊस धरतो, गाय ओल्या चिऱ्यांवर बसते, कास सुजते, दूध निम्म्यावर येतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती आल्या वाटेने परत जाते. 'कोकणात दूधधंदा होत नाही' असं म्हणायला वाडीला आणखी एक दाखला मिळतो.

होतो. क्रम उलटा लागतो म्हणून फसतो. आधी तळजमीन, मग छप्पर, पाणी, गवत, रोजचं गिऱ्हाईक, आणि हे सगळं जागेवर असलं तर सगळ्यात शेवटी गाय. वाडीची मदत लावायची तर याच क्रमाने लावावी. यातली पहिली चार कामं सावडीने होण्यासारखी आहेत. गाय सावडीने आणता येत नाही.

सावड आपल्याकडे लावणीत अजून टिकून आहे. आज यांच्या खाचरात, उद्या त्यांच्या. हिशेब साधा : माणसाला माणूस, दिवसाला दिवस. दोघं आले तर दोघांनी परत जायचं. गोठ्याच्या बाबतीत हा हिशेब अडतो तो दुसऱ्याच जागी. गुरं असलेल्या घराला दिवस फेडता येत नाहीत. सकाळी धार, संध्याकाळी धार, मधे चारा-पाणी. त्या घरातून कुणी आठ तास दुसऱ्याच्या कामाला जाऊ शकत नाही. मग फेड तुंबते, आणि तोंडावर कुणी काही बोललं नाही तरी पुढच्या वेळी माणसं कमी येतात. म्हणून पहिल्या बैठकीतच ठरवून टाकावं की या घराची फेड शेणखतात, दिवसाला दोन पाट्या की चार ते तिथेच. संकोच वाटतो, पण सावड मोडते ती याच संकोचामुळे.

आता तळजमीन. हिच्यासाठी वर्गणी मागितली तर कुणाच्या डोळ्यात चमक येत नाही, कारण हिचा फोटो निघत नाही. पण गाय दिवसाचे दहा-बारा तास बसलेली असते आणि निवांत बसली तरच नीट रवंथ करते. आपल्याकडे जांभा मुबलक, त्यामुळे चिरे बसवले की झाली जमीन, असा समज आहे. जांभा सच्छिद्र. तो वर्षभर मूत पितो आणि हवा दमट झाली की अमोनियाच्या वासाने ते परत देतो. पहाटे गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरले तर दोष शेणाचा नसतो, चिऱ्यात मुरलेल्या मुताचा असतो. याच भोकांत कासदाहाचे जंतू तग धरतात आणि गोचिडी अंडी घालतात. वरून कितीही फिनेल ओता, ते भोकाच्या तोंडाशीच थांबतं. चिरा पायात राहू द्यावा. वर कोबा हवा.

एका गाईला उभं राहायला ४ फूट रुंदी आणि साडेपाच फूट लांबी लागते. उतार चाळिसास एक, म्हणजे गव्हाणीपासून मागच्या नालीपर्यंत साडेपाच फुटांत दीड इंच. एवढाच. गवंडी हा उतार नजरेने देतो आणि तिथेच चुकतो, कारण त्याचा हात न्हाणीघराच्या उताराला बसलेला असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुणा कराव्यात आणि मगच दोरी ताणावी. उतार कमी पडला तर मूत गाईच्या पोटाखाली साचतं आणि कास त्यात भिजते. जास्त झाला तर गाभण गाईचा सगळा भार मागे जातो, आणि शेवटच्या महिन्यात अंग बाहेर येण्याची भीती वाढते. मागची नाली एक फूट रुंद आणि दोन-तीन इंचच खोल ठेवावी, तळ गोलसर. खोल, चौकोनी नालीत पाय अडकून गुरं लंगडी होतात आणि कोपऱ्यातलं शेण खराट्याला येत नाही.

मापासाठी डोकं फोडायची गरज नाही. २०२१ साली राज्य शासनाने ग्रामसमृद्धी योजनेत, रोजगार हमीशी जोडून, २ ते ६ गुरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये ठरवले. त्यात माप दिलं होतं : ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर. शिवाय २५० लिटरचं मूत्रटाकं आणि २०० लिटरची पाण्याची टाकी. योजनेतून बांधा की पदरच्या पैशाने, तीन गाई आणि दोन वासरांना हे माप पुरतं. एवढ्या जागेवर ४ इंच कोबा एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी या प्रमाणात घालायचा तर १७-१८ गोणी सिमेंट, अर्ध्या ब्रासच्या आत वाळू आणि एका ब्रासला थोडी कमी खडी लागते. त्याखाली ६ इंच जांभ्याच्या कपच्यांचं सोलिंग, पाणी मारून धुमसाने ठोकलेलं. दहा माणसांच्या सावडीचा हा एक भरगच्च दिवस आहे.

हा दिवस बिघडतो तो पाण्याच्या बादलीने. हाताने माल कालवताना पाणी घालणारे हात चार असतात, प्रत्येकाला माल जरा घट्ट वाटतो, प्रत्येकजण जरासं ओततो, आणि शेवटी खडीची पेज होते. ती पसरायला सोपी जाते म्हणून सगळे खूश. गोणीला २५ लिटर पाणी पुष्कळ झालं. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. बादली एकाच माणसाकडे द्यावी, आणि तो जरा भांडखोर असला तर बरंच. कोबा ओला असताना अर्ध्या इंची सळई निम्मी बुडेल इतकी दाबून तीन-चार इंचांवर तिरक्या चौकटी पाडाव्यात. खराट्याने ओढलेल्या रेघा वर्षभरात झिजतात आणि मग पहिल्या पावसाळ्यात गाय फाकते, म्हणजे मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना सरकून खाली बसते. त्यातून बरीचशी जनावरं परत उठत नाहीत.

आणि मे महिना. कामं मे महिन्यात निघतात, कारण चाकरमानी तेव्हा घरी असतात. नेमक्या त्याच महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असतो. कोब्याला चौदा दिवस ओल हवी. तीन दिवस पाणी मारून होतं आणि मग प्यायच्या पाण्याची पंचाईत म्हणून सोडून दिलं जातं. अशा कोब्याला जून उजाडायच्या आत केसासारखे तडे जातात, वरून भुकटी सुटते, आणि दोन वर्षांत खडी उघडी पडून गाईची ढोपरं सोलवटू लागतात. तळजमिनीचं काम डिसेंबर-जानेवारीत काढावं. फार तर शिमग्याला जी माणसं येतात त्यांच्यावर. वर भाताचा पेंढा अंथरून तो भिजत ठेवला तर निम्म्या पाण्यात भागतं. चाकरमान्यांना मेमध्ये छपराचं काम द्यावं. त्याला पाणी लागत नाही.

छपराबद्दल ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर आणि पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्तेने जे शिकवलं तेवढं पुरे आहे. पत्रे उडाले ते पातळ होते म्हणून कमी, आणि वाशांसकट सुटले म्हणून जास्त. वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असतो, त्याच्या वजनावर भरवसा ठेवून. वारा खालून शिरला की वजन उरत नाही. प्रत्येक वासा खांबाला लोखंडी पट्टीने बोल्ट मारून आवळावा, आणि पत्र्याचा स्क्रू रबरी वॉशरसकट पन्हळीच्या उंचवट्यावर, वळचणीच्या ओळीत एक सोडून एक. खारी हवा पत्र्याला खाते ती भोकापासून. खिळा ठोकून पाडलेल्या भोकाचा जस्ताचा मुलामा तडकलेला असतो, म्हणून तिथून गंज सुरू होतो. झड नैऋत्येकडून येते, तेव्हा त्या अंगाला वळचण तीन फूट बाहेर आणि चिऱ्याची भिंत कमरेच्या वरपर्यंत. पावसाळ्यात त्यावर झाप किंवा ताडपत्री लावतात ते ठीक, पण वरचा दीड फूट मोकळाच राहिला पाहिजे. गाईला थंडी वाजेल म्हणून गोठा डबीसारखा बंद करण्याची माया कोकणात फार आहे. गाईला ओल मारते, गारवा मारत नाही.

या सगळ्याच्याही आधी एक अडचण येते, तिला गवंडी लागत नाही. सातबारा. आजोबांच्या नावावरची जमीन, खाली चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत, एक बडोद्याला, दोघांचा पत्ता नाही. योजनेला किंवा बँकेला सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं आणि गोठ्याचं काम तिथे दोन-दोन वर्षं अडून राहतं. सही केली की जमिनीवरचा हक्क गेला, ही भीती त्यामागे असते आणि ती अगदीच निराधारही नाही. कागदावर एवढं स्पष्ट लिहावं : अमुक लांबी-रुंदीची जागा, फक्त गुरांच्या गोठ्यासाठी, हिस्सा कुणाचाही कमी-जास्त होत नाही, आणि गुरं ठेवायची बंद झाली तर छपराचं सामान बांधणाऱ्याचं. भावकीतल्या ज्या माणसाकडे पैसा नाही, वेळ नाही, गाईबद्दल प्रेमही नाही, त्याने गणपतीत आल्यावर ही सही केली तर ती पाच हजारांच्या पावतीपेक्षा मोठी.

पाण्याचा हिशेब दुधाच्या हिशेबापेक्षा सोपा असून कुणी मांडत नाही. दुभती गाय दिवसाला ५०-६० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तीन गाई, वासरं आणि धुणं धरून ३०० लिटर रोज. घरातल्या बाईने हे कळशीने आणायचं ठरलं तर ती आणते तेवढंच गाय पिते, म्हणजे कमी पिते, आणि दूध आपोआप उतरतं. पेंड वाढवून त्यात काही फरक पडत नाही. शेजारच्या बारमाही विहिरीवरून एक इंची पाइप आणि गव्हाणीशेजारी तरंगत्या चेंडूचा व्हॉल्व्ह बसवलेलं टाकं, म्हणजे रात्रीही तोंडाशी पाणी, ही कदाचित सगळ्यात स्वस्त दूधवाढ आहे. खाडीकाठच्या वाड्यांत मेमध्ये विहिरी मचूळ होतात. आपल्या जिभेवर विसंबू नये. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनाएवढं यंत्र स्वस्त मिळतं. लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंत गुरांना चालतं, त्यापुढे ती तोंड फिरवू लागतात. मग तेवढे दोन महिने टँकरचं किंवा वरच्या वाडीचं पाणी, हे आधीच बोलून ठेवलेलं असावं.

गवतापाशी मात्र थोडं थांबावं लागेल, कारण कोकणातला दूधधंदा इथेच फसतो. आणि गंमत अशी की गवत आपल्याकडे कमी नाही. पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कंबरभर गवत असतं. ते योग्य दिवशी कापायला माणूस नसतो. गवत फुलोऱ्यात असताना त्यात सत्त्व असतं. बी धरलं, पिवळं पडलं की उरते ती काडी. फुलोरा येतो सप्टेंबरात, तेव्हा पाऊस सुकवू देत नाही. आपण दिवाळी होईपर्यंत थांबतो आणि काडी घरी आणतो. मधला मार्ग हस्त नक्षत्राच्या आगेमागे सापडतो : सलग तीन-चार दिवस उघडीप मिळाली की त्या दिवसांत जेवढी माणसं उतरवता येतील तेवढी सड्यावर उतरवायची. हे सावडीचं खरं काम. भातकापणीही तोंडावर असते, ओढाताण होते, पण सकाळचे तीन तास पंधरा विळे लागले तरी खूप होतं. कापलेलं गवत दोन दिवस पातळ पसरून दुपारी उलटावं. काडी पिळली तर ओल सुटत नाही आणि पेर वाकवलं तर मोडतं, मग भारे बांधावेत. ओलं रचलं तर उडवी आतून तापते, बुरशी येते, आणि ती बुरशी गाभण गाईला गाभडवते.

भाताच्या पेंढ्याचं गणित वेगळं. तीन गाईंना रोज सहा-सहा किलो, आठ महिने, म्हणजे ४,३०० किलोच्या वर. भारा १२ किलोचा धरला तर ३६० भारे. एका घरच्या खाचरात एवढा पेंढा होत नाही, त्यात बुटक्या जातींच्या भाताला पेंढा कमी, आणि डुक्कर-माकडांना कंटाळून खाचरं ओस पडत चाललेली. पण वाडीतल्या दहा घरांकडे गुरं राहिलेली नाहीत आणि त्यांचा पेंढा खळ्यात कुजतो किंवा जाळला जातो. तो मागितला तर मिळतो. प्रश्न वाहतुकीचा आणि ठेवायच्या जागेचा. उडवीच्या खाली जमिनीपासून दोन फूट उंच माच, वर प्लॅस्टिक. हे जमलं तर मार्चमधला निम्मा खर्च वाचला.

नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही. प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला. पेंढ्याचा थर, त्यावर झारीने पाणी, पायाने तुडवणं, पुन्हा थर. वर प्लॅस्टिक असं दाबायचं की हवा आत जाऊ नये, आणि एकवीस दिवस विसरून जायचं. उघडताना नाकाला झोंबणारा अमोनिया आला तर काम जमलं. खायला घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्यावा, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना मुळीच देऊ नये. या कामात जनावर दगावतं ते पेंढ्याने नव्हे. उरलेलं युरियाचं पाणी बादलीत तसंच राहतं, तहानलेली गाय तोंड घालते, आणि डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. काम करताना गुरं लांब बांधावीत आणि शेवटची बादली उपडी करूनच घरी जावं.

हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियर गवत. दोन डोळ्यांची कांडी तीन बाय दोन फुटांवर, गुंठ्याला साधारण १८० लागतात. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड महिन्याने, जमिनीपासून चार-सहा इंच सोडून. एका गाईला वर्षभर पुरायला पाच-सहा गुंठे आणि बारमाही पाणी हवं. कांडी विकत घेण्याची वस्तू नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या बांधावरून भारा आणावा.

फेब्रुवारी-मार्चात वणवा येतो. सड्यावरची एक काडी पेटते आणि चार वाड्यांच्या उडव्या, कलमं, कधी गोठेही जातात. डिसेंबर-जानेवारीत, दव असताना, उडव्यांच्या आणि राखलेल्या गवताच्या भोवती पंधरा फुटांचा पट्टा कापून माणसं उभी करून जाळून घेतला, तर वणवा तिथे थांबतो. एका घराच्या ताकदीबाहेरचं आणि वाडीच्या दोन सकाळींचं हे काम आहे. यासाठी वर्गणी लागत नाही, म्हणूनच बहुधा ते होत नाही.

कोकणात दूधवाल्याचा नैसर्गिक सोबती आंबेवाला आहे. हापूसच्या दहा वर्षांवरच्या कलमाला वर्षाला ५० किलो शेणखत घालावं, अशी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. शंभर कलमांना पाच टन. एक गाय रोज दहा किलोच्या आसपास शेण टाकते, कुजून निम्मं उरतं, म्हणजे तीन गाईंचं वर्षाचं खत शंभर कलमांना बेताने पुरतं. हा मेळ इतका सरळ आहे की बागायतदाराने आपल्या बागेतलं गवत गोठ्याला द्यावं आणि जूनमध्ये खत उचलावं, हा करार तोंडी ठरला तरी टिकतो. फक्त एक अट कागदावर हवी. मोहोराच्या सुमारास तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि त्या आंब्याच्या पानावर पडतात तशा खालच्या गवतावरही पडतात. ते गवत खाल्लेल्या गाईच्या दुधात औषध उतरतं. बागेतलं गवत पहिल्या फवारणीच्या आत काढून न्यायचं. त्यानंतर त्या बागेत विळा जायचा नाही आणि गुरंही नाहीत.

राहिला पैसा. देणगीपेक्षा दुधाचं आगाऊ देणं बरं, कारण देणगीत माणूस मिंधा होतो आणि आगाऊ रकमेत दोन्ही बाजूंना हक्क राहतो. पण ही आगाऊ रक्कमच गोठा बुडवू शकते. समजा पंधरा घरं रोज एक लिटर घेतात आणि भाव ६० रुपये धरला, तर महिन्याचे २७,००० झाले. दोन महिन्यांची रक्कम सगळ्यांनी आधी दिली तर ५४,००० हातात येतात. कोबा, छपराचं सामान, पाइप यांना बरीच मदत होते. मग पुढचे दोन महिने रोज पंधरा लिटर दूध जातं आणि हातात एक पैसा येत नाही. तीनपैकी दुभत्या असलेल्या दोन गाईंना मिळून दिवसाला नऊ किलोच्या आसपास पेंड लागते : गाईला अंगासाठी दीड किलो, वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो. किलोला ३२ रुपये धरले तरी महिन्याला साडेआठ हजारांच्या वर. ते कुठून यायचे? पेंड कमी होते, दूध कमी होतं, पंधरातल्या चार घरांना दूध पोचत नाही, कुरबुर सुरू होते. म्हणून वळतं करून घ्यायचं ते चौथा हिस्सा. लिटरमागे १५ रुपये वळते, ४५ रोख. महिन्याला ६,७५० फिटतात, आठ महिन्यांत सगळे. गाईचं एक वेत साधारण दहा महिन्यांचं, त्यामुळे ती आटायच्या आत खातं मिटतं. याहून लांबवलं तर भाकड गाईच्या काळात देणं अंगावर राहतं.

दोन्ही गाई एकाच महिन्यात व्यायल्या तर काही महिने दूध ओसंडतं आणि मग पंधरा घरं पुन्हा पिशवीवर जातात. व्यायचं अंतर पाच-सहा महिन्यांचं ठेवावं. गणपतीत चाकरमानी आले की मागणी तिप्पट होते. त्या दहा दिवसांसाठी रोजच्या घरांचं दूध तोडलं, तर उरलेले अकरा महिने ते आठवण करून देतात.

गिऱ्हाइकांनी दोन गोष्टी समजून घेतल्या तर दूधवाल्याचे अर्धे अपमान वाचतील. धारांमधलं अंतर दिवसा कमी नि रात्री जास्त असतं, म्हणून सकाळचं दूध जास्त निघतं नि पातळ लागतं, संध्याकाळचं दाट. आणि श्रावणात कोवळं गवत खाऊन फॅट उतरतं. त्यात पाणी मिसळलेलं नसतं. हिरव्याआधी दोन किलो कोरडा पेंढा दिला तर फरक पडतो. वाडीच्या नावावर एक लॅक्टोमीटर असावा. तो संशय वाढवत नाही, मिटवतो.

उरलेलं दूध संध्याकाळपासून सकाळपर्यंत टिकवायचं तर बंदरालगतच्या गावांना बर्फ सोयीचा. ४० लिटरचा कॅन धारेच्या उबेपासून १० अंशांवर आणायला हिशेबाने ११-१२ किलो बर्फ लागतो, वितळून वाया जाणारा धरून १५. बर्फ कॅनच्या बाहेर, टाक्यातल्या पाण्यात. मासळीचा बर्फ दुधात कधीही नाही. कॅन अधूनमधून ढवळला नाही तर कडेचं दूध गार आणि मधलं कोमट राहतं, आणि नासतं ते मधून. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बर्फाचे कारखानेही थंडावतात. तेवढे दिवस संध्याकाळचं दूध संध्याकाळीच वाटावं.

एवढं सगळं झालं की गाय. जर्सीची संकरित, मध्यम बांध्याची. भारी होल्स्टीन आपल्या दमट हवेत धापा टाकते. कोकण कपिला दूध कमी देते, पण सड्यावर चरून, पावसात राहून ठणठणीत असते. तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाल्यापासून तिच्याकडे थोडं आदराने बघतात. ती मात्र होती तशीच आहे. जी असेल ती, नोव्हेंबर-डिसेंबरात आणावी. एप्रिलमध्ये कोरड्या मुलखातून आणलेली गाय आधी उकाड्याला, मग गोचिडीतापाला आणि मग पावसाला तोंड देते, आणि तिसऱ्यात हरते. जुन्या मालकाकडून आठवड्याभराची पेंड आणि दोन भारे चारा सोबत मागून घ्यावा. खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचं. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लंपी यांच्या लसींच्या तारखा विचारून वहीत उतरवाव्यात. पहिल्या दिवशी कासेला दोनच माणसांनी हात लावावा.

गाय टेम्पोतून उतरते तेव्हा वाडी जमलेलीच असते. कुणी शिंगं बघतं, कुणी कास, कुणी दात. म्हातारी माणसं पाठीवरून हात फिरवून कातडी चिमटीत धरून बघतात. गवंडी आलेला असला तर तो या कशाकडे बघत नाही. तो मागे नालीपाशी उभा राहतो. गाय नव्या कोब्यावर चार पावलं टाकते, रेघांवर खूर धरतो की नाही ते चाचपते, मान गव्हाणीत घालते आणि थोड्या वेळाने शेपूट उचलते. दीड इंचाच्या उतारावरून मूत सरळ नालीत जातं, पुढे मूत्रटाक्याच्या पाइपात. गवंडी तंबाखूची चंची काढतो.